पिफला पहिल्यांदा जाताय? पास काढण्यापासून ते गावात फिल्म क्लब काढण्यापर्यंत सगळं

डिसेंबर संपत आला की मला ठरलेले मेसेज येतात, पिफचा (म्हणजे पुण्याच्या चित्रपट महोत्सवाचा) पास काढू का, ते परदेशी सिनेमे मला झेपतील का, सोबत कुणी नाहीये तर एकटीने गेलं तर चालेल का, ऑफिस सांभाळून किती बघून होतील. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. पुण्याचं उदाहरण घेतलंय कारण मला तेच आतून माहितीये, पण कोल्हापूर, संभाजीनगर, मुंबई, पणजी कुठेही जात असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी थोडक्यात ओळख. पिफ म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००२ साली सुरू झाला, पुणे फिल्म फाउंडेशन आणि महाराष्ट्र शासन मिळून करतात, डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक. एरवी जानेवारीत असतो, साधारण आठवडाभर (कोविडमुळे तारखा हलल्या होत्या, २०२२ ला तर मार्चमध्ये झाला). पुण्यातच हे एवढं रुजलं त्याला कारणं आहेत. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्यात आली, त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय म्हणजे आपलं अर्काइव्ह उभं राहिलं, आणि या दोघांच्या आसपास फिल्म क्लब वाढत गेले. म्हणून पिफच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पुरस्काराला 'प्रभात' हे नाव आहे आणि मराठी स्पर्धेच्या पुरस्काराला 'संत तुकाराम'. प्रभातचा त्या नावाचा सिनेमा १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता, हे निदान पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहिती असायला हवं असं मला फार वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की फेस्टिवलला फक्त सिनेमे मोजायला जाऊ नका, माणसांसाठी पण जा. सिनेमे हल्ली घरी बसून मिळतात. आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच वेडाची दोन-चार हजार माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत हे मात्र घरी मिळत नाही. खालची सगळी पायरी-पायरीची माहिती त्याच अंगाने लिहिलीये.

पास

नोंदणी ऑनलाईन सुरू होते तेव्हाच करून टाका, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. थिएटरवर जाऊन स्पॉट रजिस्ट्रेशन पण करता येतं पण पहिल्या दिवशी तिथे जी गर्दी असते त्यात तुमचा एक सिनेमा हमखास बुडतो. ओळखपत्र आणि पासपोर्ट साईझ फोटो मोबाईलमध्ये पण ठेवा आणि खिशात पण. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, फिल्म क्लबचे सभासद यांना काही फेस्टिवलमध्ये सवलत असते, काहींमध्ये नसते, त्या वर्षीचा नियम बघा आणि विचारायला लाजू नका. पासची किंमत पण दरवर्षी बदलते, पण मल्टिप्लेक्समधल्या शनिवार रात्रीच्या तीन-चार तिकिटांत पूर्ण आठवड्याचा पास बसतो असा माझा ढोबळ हिशोब आहे, त्यामुळे दोनच दिवस जमणार असेल तरी पास काढा, वाया जात नाही.

एक गोष्ट घरात आधीच बोलून घ्या, लहान मुलांना नेता येत नाही. फेस्टिवलमधल्या बऱ्याचशा सिनेमांना सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसतं, केंद्र सरकारकडून त्यांना फेस्टिवलपुरती सूट मिळते, म्हणून प्रवेश बहुतेक ठिकाणी १८ वर्षांवरच्यांनाच. दारात आल्यावर मुलाला घेऊन परत फिरलेले आईबाप मी बघितलेत, वाईट वाटतं.

पासच्या कार्डासोबत कॅटलॉग किंवा शेड्यूलचं पुस्तक मिळतं. ते पिशवीत कोंबू नका, तिथेच कुठेतरी चहा घेत बसा आणि पेन काढा.

शेड्यूल वाचायचं कसं

खरं काम इथे आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. मग दिवसभर या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर नुसते पळत राहतात.

पहिल्यांदा विभाग समजून घ्या. जागतिक स्पर्धा, मराठी स्पर्धा, ग्लोबल सिनेमा म्हणजे स्पर्धेबाहेरचे जगभरातले, एखाद्या देशावर किंवा दिग्दर्शकावर फोकस, रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे निवडक जुने सिनेमे, भारतीय भाषांमधले, आणि विद्यार्थ्यांचे लघुपट. दरवर्षी नावं थोडी इकडेतिकडे होतात पण साचा हाच. आता माझा निवडीचा क्रम सांगतो, बऱ्याच जणांना तो उलटा वाटतो. कान किंवा बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालेला मोठा सिनेमा मी सगळ्यात शेवटी ठरवतो. त्याला रांग सगळ्यात लांब असते आणि वर्षभरात तो कुठल्या ना कुठल्या ओटीटीवर येतोच. त्याऐवजी मराठी स्पर्धेतले आधी, कारण त्यांची टीम हजर असते. मग रेट्रोस्पेक्टिव्हमधला निदान एक, कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायची संधी एरवी कुठे मिळतेय. मग जॉर्जिया, कझाकिस्तान, इराण, चिली अशा कुठल्यातरी देशातला, दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा असलेला आणि ज्याबद्दल तुम्हाला ओ की ठो माहिती नाही असा एखादा. हे शेवटचे कधी परत दिसतील याची काहीच खात्री नसते, आणि माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिलेले बरेचसे सिनेमे याच गटातले आहेत.

आता वेळेचा हिशोब, हा कागदावर करून दाखवतो. समजा स्क्रीन तीनला सकाळी दहाचा १०४ मिनिटांचा सिनेमा आहे. शेड्यूल बघून वाटतं पावणेबाराला सुटला. पण दहाचा शो दहा दहाला सुरू होतो, म्हणजे संपायला पाच-सहा मिनिटं कमी बारा. दिग्दर्शक आलेला असेल तर वीस मिनिटं प्रश्नोत्तरं, म्हणजे सव्वाबारा झाले. तुम्हाला हवा असलेला पुढचा साडेबाराचा आहे आणि त्याची रांग बाराच्या आधीच लागलीये. म्हणजे एक तर प्रश्नोत्तरं सोडायची किंवा पुढचा सिनेमा. हे दुपारी सव्वाबाराला जिन्यात उभं राहून ठरवू नका, आदल्या रात्रीच ठरवा. मी अशा वेळी पुढचा सोडतो आणि मधे निवांत जेवून दोनच्या सुमाराचा पकडतो. बहुतेक सिनेमांचे दोन शो असतात, त्यामुळे आधी शेड्यूलमध्ये त्याचा दुसरा शो शोधा, नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं.

थिएटरांमधलं अंतर पण धरा. पिफची ठिकाणं वर्षागणिक बदलतात, कोथरूडचं सिटी प्राईड बरीच वर्षं मुख्य अड्डा होतं, अलीकडे सेनापती बापट रोडच्या पॅव्हेलियन मॉलमध्ये खेळ असतात, लॉ कॉलेज रोडच्या अर्काइव्हमध्ये असतात. संध्याकाळी सहाला पुण्यातून एका थिएटरवरून दुसऱ्याला अर्ध्या तासात पोचू असं समजणाऱ्याने पुण्यात गाडी चालवलेली नाही. एक दिवस एक ठिकाण, हे धोरण ठेवा. अर्काइव्हला जायचं तर मेट्रोने नळ स्टॉपला उतरून पुढे रिक्षा किंवा चालत, पार्किंगची कटकट वाचते.

आणि दिवसाला किती? पाच होतात, बघणारे बघतात. मी तीन म्हणेन, फार तर एखाद्या रविवारी चार. चौथ्याला डोळे उघडे असतात पण आत काही जात नाही, रात्री आठवायला बसलं की दुसऱ्या सिनेमातली म्हातारी तिसऱ्यातल्या घरात राहायला आलेली असते. तीन तासांचा संथ सिनेमा असेल तर तो सकाळच्या पहिल्या शोला घ्या, जेवणानंतर अजिबात नको. ऑफिसवाल्यांनी आठवड्यातले दोन संध्याकाळचे शो आणि शनिवार-रविवार मिळून सहा असं धरलं तरी आठ होतात, आठ पुष्कळ झाले.

"मला कळेल का"

ही भीती सगळ्यात जास्त लोकांना असते, विशेषतः इंग्रजी सबटायटल वाचायची सवय नसलेल्यांना. माझं प्रामाणिक उत्तर असं की पहिला दिवस जड जातो, दुसऱ्या दिवसापासून डोळ्याला सवय लागते. काही गोष्टी केल्या तर सोपं होतं. जायच्या आधी कॅटलॉगमधली चार ओळींची गोष्ट वाचून घ्या, कथा आधी कळली म्हणून या सिनेमांचं काही बिघडत नाही. सुरुवातीला कमी संवादांचे, कुटुंबाच्या किंवा लहान मुलांच्या गोष्टीचे घ्या. बसायला मधल्या रांगेच्या जरा वरची जागा बघा आणि समोर उंच माणूस आला तर एक-दोन खुर्च्या बाजूला सरका, कारण सबटायटल पडद्याच्या तळाला असतात आणि एक डोकं अख्खी ओळ खातं. चष्मा असेल तर दूरचाच घेऊन या.

आईवडिलांना नेणार असाल तर घरूनच त्यांना गोष्ट मराठीत सांगा. ती मजा वेगळीच असते, इराणच्या सिनेमातल्या सासूवर आमच्या घरी दोन दिवस चर्चा चालली होती.

आणि सिनेमा नाहीच आवडला तर उठून जायला हरकत नाही, पण अर्धा तास द्या. या सिनेमांची चाल वेगळी असते, बरेचदा पंचविसाव्या मिनिटाला आपण त्यात शिरतो. उठायची शक्यता वाटत असेल तर कडेची खुर्ची घ्या म्हणजे दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

रांग

ज्या फेस्टिवलमध्ये सीट आधी बुक होत नाही, पहिला येईल तो बसेल असं असतं, तिथे रांग हाच कट्टा. इफ्फीसारख्या (गोव्यातला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) मोठ्या ठिकाणी मोबाईलवर बुकिंग असतं तरी दाराशी रांग लागतेच. लोकप्रिय सिनेमाला पाऊण तास आधी, बाकीच्यांना वीस-पंचवीस मिनिटं आधी उभं राहा.

रांगेत कोण असतं ते सांगतो, म्हणजे बुजणार नाही. निवृत्त झालेले काका-काकू, जे वर्षानुवर्षं येतायत आणि ज्यांनी तुमच्या जन्माआधी फिल्म क्लबात सगळे जुने दिग्दर्शक बघून टाकलेत. इन्स्टिट्यूटची पोरं. कॉलेजमधली नाटक करणारी गँग. सांगली-साताऱ्याहून, नगरहून मित्राच्या रूमवर मुक्काम ठोकून आलेले लोक. एकट्या आलेल्या बायका आणि मुली पुष्कळ असतात, त्यामुळे "एकटीने चालेल का" याचं उत्तर अगदी निर्धास्त या असं आहे, फक्त शेवटचा शो अकराच्या पुढे सुटतो तर परतीची रिक्षा किंवा सोबत आधी ठरवून ठेवा, आपल्याच भागात जाणारं कुणीतरी रांगेत हमखास भेटतं.

ओळख काढायला फार काही लागत नाही. "काका, सकाळचा कोणता बघितलात?" एवढं पुरतं.

"तीन नंबरचा. तू नाही बघितलास?"

"नाही ना, मी मराठी बघत होतो. कसा होता?"

"पहिली वीस मिनिटं कळ काढ, मग सोडवत नाही. उद्या दुपारी परत आहे बघ, बायकोला पण घेऊन येणारे मी."

हे अशा बोलण्यातून कळतं ते कुठल्याच स्टारमध्ये आणि रेटिंगमध्ये कळत नाही, कारण समोरचा माणूस दीड तासापूर्वी त्या अंधारातून बाहेर आलाय. मी आदल्या रात्री केलेली यादी रांगेत ऐकून रोज थोडी बदलतो, तुम्ही पण एक स्लॉट मुद्दाम रिकामा ठेवा, ज्याची रांगेत हवा आहे तो त्यात घालायचा. दोन-तीन दिवस तेच चेहरे दिसले की नावं विचारा, नंबर घ्या, चार जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप करा. वर्षभर "हा आलाय बघ" असे मेसेज त्याच ग्रुपवर येतात.

रांगेतलं एक मात्र मनापासून सांगतो, एसटीत रुमाल टाकतात तसं एका बॅगने पाच खुर्च्या अडवू नका. एका माणसासाठी एक खुर्ची, पाच मिनिटं, ठीक आहे. पाच जणांची टोळी चहा पिऊन शो सुरू झाल्यावर येणार आणि तोवर सत्तर वर्षांच्या आजी जिन्यावर उभ्या, हे बघवत नाही. वाद झाला तर आवाज चढवू नका, दारातल्या स्वयंसेवकाला सांगा.

आत गेल्यावर मोबाईल सायलेंट आणि खिशात, पडद्याचा फोटो किंवा व्हिडिओ अजिबात नाही, हे दिग्दर्शकाच्या पोटावर पाय देणं आहे. शेवटची श्रेयनामावली चालू असताना दिवे लागेपर्यंत बसा, निदान ज्यांची टीम हजर आहे त्यांच्या सिनेमाला तरी. साउंडवाल्याचं, स्पॉटदादाचं नाव पडद्यावर येत असताना तो माणूस तुमच्या मागच्या रांगेत बसलेला असू शकतो.

प्रश्नोत्तरं

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक पुढे येतो, माईक फिरतो. इथे बिनधास्त मराठीत विचारा, मराठी सिनेमाला तर विचाराच, आणि परदेशी पाहुणा असेल तर सूत्रसंचालक भाषांतर करून देतो, नाहीतर शेजारचं कुणी मदत करतं.

प्रश्न छोटा ठेवा. माईक हातात आल्यावर स्वतःचं पाच मिनिटांचं मत मांडून शेवटी "यावर आपलं काय म्हणणं आहे" असं करणारे असतात, त्यामुळे बाकीच्या चार जणांचे प्रश्न राहून जातात. "या सिनेमातून तुम्हाला काय मेसेज द्यायचाय" हा प्रश्न पण सोडून द्या, सिनेमात होतं ते त्याने सांगितलंच आहे. त्यापेक्षा कामाबद्दल विचारा. त्या विहिरीच्या सीनला कॅमेरा कुठे होता, त्या गावातल्या आजी नटी आहेत की गावातल्याच, शूटिंग किती दिवस चाललं, पैसे कसे उभे केले, संकलनात काय काढावं लागलं. अशा प्रश्नांना दिग्दर्शक खुलतात, खरं बोलतात, आणि पैशाच्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की कळतं या लोकांनी काय काय गहाण ठेवून सिनेमा केलाय.

माईक नाहीच मिळाला तर बाहेर लॉबीत गाठा. "मस्त होता" म्हणण्याऐवजी एक नेमका प्रसंग सांगा, तो बापलेकाचा जेवणाचा सीन बघताना मला आमचं घर आठवलं, एवढं. तीन-चार वर्षं एका गोष्टीमागे लागलेल्या माणसाला ते वाक्य पुढे खूप दिवस पुरतं. सेल्फी घ्यायचा तर विचारून घ्या, आणि स्वतःची पटकथा तिथेच हातात देऊ नका, मेल आयडी मागा.

पडद्याबाहेर पण बरंच चालतं. पिफमध्ये विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान असतं, चर्चासत्रं असतात, कार्यशाळा असतात. इफ्फीला फिल्म सोसायट्यांच्या महासंघाचा ओपन फोरम म्हणजे खुली चर्चा होत आलीये. माझं मत, पूर्ण आठवड्यात असा एक कार्यक्रम तरी धरा, छायालेखक किंवा ध्वनीरचनाकार बोलणार असेल तर सिनेमा सोडून तिकडे जा. पुढचा सिनेमा तुम्ही वेगळ्या कानांनी ऐकाल.

मराठी सिनेमा बघितलात, आता पुढे काय

यावर मला जास्त बोलायचंय. स्वतंत्रपणे केलेल्या मराठी सिनेमाचा प्रवास बहुतेक असा असतो की आधी परदेशातले फेस्टिवल, मग इथले, आणि मग बऱ्याच महिन्यांनी कधीतरी थिएटर. 'कोर्ट'ला सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले, त्याच वर्षी मुंबईच्या मामी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि थिएटरमध्ये आला एप्रिल २०१५ ला. २०२५ ला 'साबर बोंडं'ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलं ते जानेवारीत, आपल्याकडे थिएटरात तो सप्टेंबरमध्ये लागला. म्हणजे फेस्टिवलचा प्रेक्षक हा त्या सिनेमाचा पहिला प्रेक्षक असतो, आणि जाहिरातीला पैसे नसलेल्या सिनेमासाठी तोच जाहिरात असतो. आणि ज्यांना व्हेनिस-सनडान्स मिळत नाही अशा कितीतरी चांगल्या सिनेमांना तर थिएटरच मिळत नाही, किंवा मिळालं तर दुपारी सव्वाबाराचा एक शो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही की सोमवारपासून तोही बंद.

म्हणून आवडलेल्या मराठी सिनेमासाठी हे करा. त्याच रात्री चार ओळी लिहून फेसबुकवर, इन्स्टावर टाका, गोष्ट न फोडता. टीमचं पेज फॉलो करा म्हणजे रिलीजची तारीख कळेल. रिलीज झाला की पहिल्याच शुक्रवार ते रविवारात तिकीट काढा, दुसऱ्या आठवड्यावर ढकलू नका, आणि एकटे जाऊ नका, चार जणांना घेऊन जा. तुमच्या भागात शो नसेल तर थिएटरला आणि वितरकाला विचारा, सोसायटीतले किंवा ऑफिसातले चाळीस-पन्नास जण जमत असतील तर स्वतंत्र शो पण लावून मिळतो, बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये ही सोय आहे. फेस्टिवलमध्ये आधी पासवर बघितलेला असला तरी तिकीट काढून परत जा.

खाणं, झोप, कपडे

पटकन सांगतो. जानेवारी आणि वरून एसी, जाकीट किंवा शाल हवीच. मल्टिप्लेक्समध्ये डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून मधल्या वेळेत बाहेर येऊन पोळीभाजी खा, दिवसभर पॉपकॉर्न आणि वडापाववर काढलं तर तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. पाणी पीत राहा. पॉवर बँक. छोटी वही, प्रत्येक सिनेमा संपला की बाहेर येऊन दोन ओळी, त्यात एक डोळ्यासमोर राहिलेलं दृश्य लिहायचं. मधे एक सकाळ सुट्टी घ्या, दहापर्यंत झोपा.

स्वयंसेवक व्हायचंय?

कॉलेजमध्ये असाल तर नक्की करा. फेस्टिवलच्या महिना-दीड महिना आधी त्यांच्या सोशल मीडियावर आवाहन येतं, नाही आलं तर ऑफिसला मेल करा. काम म्हणजे रांगा लावणं, कार्ड तपासणं, प्रश्नोत्तरांत माईक फिरवणं, पाहुण्यांना हॉटेलवरून आणणं. सिनेमे कमी बघून होतात, हे आधी मनाशी पक्कं करा, पण दिग्दर्शकाला गाडीतून आणताना चाळीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये जे बोलणं होतं ते सभागृहातल्या कुणालाच मिळत नाही.

उरलेले एक्कावन्न आठवडे

पास गळ्यातून काढला की बहुतेक लोक थेट पुढच्या जानेवारीत उगवतात. असं करू नका. पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, दिग्दर्शक उमेश कुलकर्णींच्या अरभाट फिल्म्सचा क्लब आहे, अर्काइव्हमध्ये खेळ होत असतात. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतंय आणि तिथेच थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव भरतो. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे. उन्हाळ्यात पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्हचा साधारण महिनाभराचा रसास्वादाचा अभ्यासक्रम व्हायचा, त्याचे छोटे कोर्स पण निघतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. ज्यांना सिनेमा बघायचं वेड आहे पण त्यावर बोलायला शब्द सापडत नाहीत त्यांनी जरूर करावा, डॉक्टर, बँकवाले, शिक्षक सगळे येतात.

तुमच्या गावात काहीच नसेल तर स्वतः सुरू करा, वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. आठ-दहा जण जमवा, फेस्टिवलच्या रांगेत भेटलेले त्यात दोघं-तिघं असतातच. जागा वाचनालयाचा किंवा शाळेचा हॉल, पंखे बंद केले तरी चालेल असा महिना निवडा कारण पंख्याच्या आवाजात साउंड जातो. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पण पैसे वाचवायचे तर पडद्यावर वाचवा आणि स्पीकर चांगले आणा, धूसर चित्र माणूस सहन करतो, न कळणारा संवाद नाही. खिडक्यांना काळं कापड.

काय दाखवायचं? लघुपटांपासून सुरुवात करा. पिफमध्ये किंवा अरभाटमध्ये बघितलेल्या लघुपटाच्या दिग्दर्शकाला सरळ मेसेज करा, आमच्या गावात तीस जण बघणार आहेत, दाखवू का, जमलं तर याल का. बहुतेक जण हो म्हणतात आणि कितीतरी जण स्वतःच्या खर्चाने एसटी पकडून येतात, तरी त्यांच्या जाण्यायेण्याचे पैसे आपण द्यायचे, हे ठरवूनच बोलवा. परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॅपवरची चालेल पण जपून ठेवा. डाऊनलोड केलेला सिनेमा हॉलमध्ये दाखवू नका. जुना भारतीय सिनेमा दाखवायचा असेल तर आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६४ अखेरपर्यंत लागलेले भारतीय सिनेमे २०२५ पासून त्यातून मोकळे झालेत, फक्त चांगली प्रत कुठून मिळते ते आधी बघा.

महिन्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, लोक कमी आले तरी रद्द करायचं नाही. पहिल्या खेळाला चाळीस येतात, तिसऱ्याला अकरा, सहा महिने टिकलात की पंचवीस कायमचे बसतात. सिनेमानंतर अर्धा तास गप्पा, खुर्च्या गोल करून, आणि सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्याकडून. वर्षभर नीट चालला की फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न व्हा, १९५९ पासूनची संस्था आहे, इतर सोसायट्यांशी जोडलं जाता येतं आणि सिनेमे मिळवायला मदत होते. पहिली तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा, गावची जत्रा आणि क्रिकेटची फायनल तेवढी टाळा.